जीएमसीत काम करायचंय? दवाखाना, लॅब आणि रिसर्चबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न (खास कोकणातल्यांसाठी)

बीएस्सीचा निकाल लागला किंवा एखाद्या प्रोजेक्टची जाहिरात आली की तेच तेच प्रश्न सुरू होतात, व्हॉट्सॅपवर, कॅन्टीनला, एसटीत शेजारी बसलेल्या काकांकडून सुद्धा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी जीएमसीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, रिसर्चच्या बाजूला आहे, मूळची लॅबवाली, त्यामुळे उत्तरं थोडी लॅबकडे झुकतील. वयाची अट, शेवटची तारीख, आरक्षण हे मला विचारू नका, ते जाहिरातीतच वाचा, आणि पूर्ण वाचा, खालच्या बारीक अक्षरातल्या टीपांसकट.

युनिव्हर्सिटीत काम म्हणता, पण आपल्याकडे तर कॉलेज आहे ना?

हो, पण कॉलेज हवेत नसतं. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ सालचं, त्याला राज्यातली जवळपास सगळी मेडिकल, डेंटल, नर्सिंग, आयुर्वेद, फिजिओ कॉलेजं जोडलेली आहेत, अभिमत विद्यापीठं सोडून. परीक्षा, डिग्री, एमडीचा थीसिस, पीएचडी हे सगळं तिथून. पगार, बदली, पोस्ट मंजूर होणं हे मात्र सरकारच्या वैद्यकीय शिक्षण खात्याकडून, म्हणजे दोन मालक. ओरोस आणि अलिबागची सरकारी कॉलेजं २०२१ ला सुरू झाली, रत्नागिरीचं २०२३ ला, प्रत्येकी १०० सीटची. तिन्ही ठिकाणी आधीचं सिव्हिल हॉस्पिटलच कॉलेजचं हॉस्पिटल झालं, म्हणून अजूनही रिक्षावाल्याला जीएमसी म्हटलं तर तो विचारतो, म्हणजे सिव्हिल ना?

डेरवणला मेडिकल कॉलेज आहे ते खाजगी ट्रस्टचं, डिग्री त्यांची पण नाशिकचीच. लोणेऱ्याचं टेक्निकल विद्यापीठ आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ वेगळी, पण रिसर्चमध्ये त्यांच्याशी संबंध येऊ शकतो. दापोलीचंच मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत शिरगावला आहे आणि मच्छीमारांच्या तब्येतीवर काही करायचं असेल तर त्या लोकांना भेटल्याशिवाय सुरुवात करू नका.

मी डॉक्टर नाही. रिसर्चमध्ये मला कोण घेणार?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याच्यामागचा समज सगळ्यात चुकीचा. प्रोजेक्टवर नाव डॉक्टरांचं असतं, त्यांना पीआय म्हणतात, म्हणजे मुख्य संशोधक, पण रोजचं काम ओढणारी माणसं बहुतेक डॉक्टर नसतात. डीएमएलटी किंवा बीपीएमटी झालेले टेक्निशियन, बीएस्सी-एमएस्सी मायक्रो, बायोकेम, बायोटेकवाले, एमएसडब्ल्यू झालेले सोशल वर्कर, नर्सिंग केलेल्या मुली ज्यांना ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून घेतात, डेटा एन्ट्रीवाला, स्टॅटिस्टिक्सवाला, आणि फील्डवर्कर. फील्डवर्करची जाहिरात अनेकदा बारावी सायन्सवर निघते.

खरं सांगायचं तर चांगला फील्डवर्कर मिळणं चांगला पीआय मिळण्यापेक्षा अवघड आहे. वाडीवाडीत जाऊन, कुत्री चुकवून, उन्हातान्हात घरच्या माणसाशी दोन शब्द बोलून मग हळूच रक्ताचा विषय काढणं याला कसब लागतं, आणि ते कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत. आशाताईंशी ज्याचं पटतं त्याचं काम होतं. ज्याचं पटत नाही त्याने कितीही एमएस्सी करावं.

तयारी म्हणून काय करता येईल ते विचाराल तर एक्सेल नीट शिका, म्हणजे खरंच नीट, एका रकान्यात एकच माहिती आणि तारखा सगळ्या एकाच पद्धतीने एवढं जरी जमलं तरी तुम्ही निम्म्या लोकांच्या पुढे. जीसीपीचं ट्रेनिंग करून ठेवा, म्हणजे पेशंटवरच्या ट्रायल कशा चालवायच्या त्याचे नियम. आणि मराठी टायपिंग, हसू नका, संमतीपत्रं टाईप करायला माणूस मिळत नाही.

पगार किती?

नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी रिसर्च फेलोशिप असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर सीनियर झालात की ४२,०००, हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या प्रोजेक्टवरच्या पोस्ट वेगळ्या, तिथे टेक्निकल सपोर्ट एकला १८,०००, दोनला २०,०००, तीनला २८,००० आणि प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट एक, नॉन-मेडिकल, याला ५६,००० असे दर ठरवले आहेत. यावर घरभाडं टक्क्यात, शहराच्या वर्गाप्रमाणे, मुंबईला सगळ्यात जास्त आणि आपल्याकडे सगळ्यात कमी. दर बदलतात, तेव्हा तुमच्या जाहिरातीतला आकडा तोच खरा.

आकडा कागदावरचा झाला. ग्रँटचा हप्ता उशिरा आला की पगार उशिरा येतो आणि दोनतीन महिने काहीच न येता मग एकदम सगळा येतो असं सगळीकडेच ऐकायला मिळतं. घरात दुसरं कोणी कमावतं नसेल तर हे धरून चाला, थोडे पैसे बाजूला असू द्या.

कंत्राटी म्हणजे नंतर पर्मनंट करतात का?

नाही. कोणी इंटरव्ह्यूला तसं सुचवलं तरी नाही. प्रोजेक्ट संपला की पोस्ट संपली, हे ऑर्डरमध्येच लिहिलेलं असतं. पर्मनंट टेक्निशियनची, नर्सची भरती वेगळी निघते, तिची परीक्षा वेगळी, तिथे प्रोजेक्टचा अनुभव धरला जाईल की नाही ते त्या जाहिरातीवर.

इंटरव्ह्यूला जाताना आपणही विचारायचं असतं हे आपल्याकडच्या पोरांना कोणी सांगतच नाही, ती आपली खाली मान घालून बसतात. विचारा की प्रोजेक्ट किती वर्षांचा आणि त्यातली किती उरली, ऑर्डर किती महिन्यांची मिळणार, फील्डवर जायला गाडी आहे की स्वतःच्या स्कूटीने जायचं आणि पेट्रोल कोण देणार, लस देणार का, अनुभवाचं सर्टिफिकेट कोणाच्या सहीचं. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण पीआयची बदली झाली की सर्टिफिकेटसाठी माणसं वर्षभर फिरतात. सोडताना नाही, काम चालू असतानाच दरवर्षी एक लिहून घ्या.

रिसर्च तर मुंबई-पुण्यात होतो. इथे ओरोस-रत्नागिरीत काय होणार?

यावर माझं डोकं फिरतं पण शांतपणे लिहिते.

मुंबईत परळला हाफकिन आहे १८९९ पासून, केईएम आहे १९२६ पासून, खारघरला टाटाचं कॅन्सर रिसर्चचं सेंटर आहे, मान्य, तिथल्या मशीन आपल्याकडे नाहीत. सेल कल्चर किंवा जीनोमवरच काम करायचं असेल तर तिकडेच जा, इथे थांबून कुढण्यात अर्थ नाही. पण आजार इथे आहेत. मशीन नेता येते, सॅम्पल पाठवता येतं, पेशंटचा आजार ज्या मातीत होतो ती माती उचलून परळला नेता येत नाही.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम माहीत नसेल तर माहीत करून घ्या. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या पीएचसीत विंचू चावलेली माणसं यायची, लाल विंचू, घाम, उलट्या, छातीत पाणी होऊन तडफडून जायची. तेव्हा अशा गंभीर पेशंटांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास दगावायचे. बावस्करांनी काय केलं तर रात्रभर पेशंटजवळ बसून नाडी, बीपी, श्वास लिहून ठेवला, एकेक केस, आणि त्यातून लक्षात आलं की विषामुळे शरीरातली ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं एकदम उसळतात आणि हृदयावर ताण येतो, म्हणून रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, साधी स्वस्त बीपीची गोळी. मृत्यूचं प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आलं. ते लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. पुढे २०११ मध्ये ७० पेशंटांवरची त्यांची ट्रायल बीएमजे या दुसऱ्या मोठ्या जर्नलमध्ये आली, फक्त प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिन अधिक विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, आणि प्रतिविषासकट औषध दिलेले पेशंट लवकर बरे झाले. म्हणजे आपल्याच आधीच्या उपचारात काय भर घालता येईल तेही त्यांनीच तपासून पाहिलं, आणि तेही महाडातच. २०२२ ला पद्मश्री मिळाली. यात कुठे मोठी लॅब होती सांगा.

दुसरं, माकडताप. कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात १९५७ ला सापडलेला आजार, आपल्याकडे २०१६ ला दोडामार्गात आला. माकडं मरायला लागली, मग माणसं तापाने पडायला लागली, बागेत काजू गोळा करणारी, पाल्यात हात घालणारी. गोचिडीमुळे होतो आणि जोर असतो थंडी संपताना ते उन्हाळ्यात, नेमका काजूचा सीझन. आता कोण कधी कुठल्या बागेत जातं, पायात काय घालतं, अंगाला लावायचं तेल वापरतं की कपाटात ठेवून देतं, याची उत्तरं पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, बसून मिळणार नाहीत, ती केर-मोर्लेच्या बाजूला फिरूनच मिळतात.

लेप्टोचं, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाचं, तर विचारूच नका. लावणीच्या दिवसात चिखलात पाय, पायाला चिरा, गोठ्यात उंदीर. पेशंट तिसऱ्या दिवशी येतो ताप आणि पोटऱ्या दुखतात म्हणून, आणि अँटीबॉडीची एलायझा टेस्ट पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते कारण अँटीबॉडी तयारच झालेल्या नसतात. नक्की सांगायचं तर दहा-पंधरा दिवसांनी दुसरं सॅम्पल लागतं. तोवर डॉक्सी या अँटिबायोटिकवर ताप उतरलेला असतो आणि माणूस परत शेतात. दुसऱ्या सॅम्पलला कोण येतो? म्हणून नक्की निदान झालेल्या केसेस हाती कमी लागतात आणि खरा आजार किती ते कळत नाही. हा रिसर्चचाच प्रश्न आहे आणि तो आपल्याच ओपीडीच्या लाईनीत उभा आहे.

आणि उत्तर कोकणात डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात आयसीएमआरचं मॉडेल रुरल हेल्थ रिसर्च युनिट आहे, म्हणजे खेड्यातच बसून रिसर्च करायची सोय सरकारने सुद्धा केलेली आहे.

एमबीबीएस, एमडी करताना रिसर्च करावाच लागतो का?

एमबीबीएसला सक्ती नाही, पण आयसीएमआरची एसटीएस नावाची स्कीम आहे, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, स्टायपेंड मिळतो, आवड असेल तर करा. एमडी-एमएसला थीसिस लागतोच. त्या कोर्सात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात, मुंबईची पोरं त्याला शिक्षा समजतात. खरं तर विषय तिथेच सुचतात. विषय निवडताना एकच बघा, तेवढे पेशंट तुमच्याकडे येतात का, मागच्या वर्षाचं रजिस्टर उघडून मोजा आणि मगच गाईडकडे जा.

एवढासा प्रश्नावलीचा प्रोजेक्ट, त्याला पण एथिक्स कमिटी?

हो. माणसांवरचा अभ्यास योग्य आहे का ते तपासणारी ही कमिटी. माणसाकडून माहिती किंवा सॅम्पल घेणार असाल तर आधी कमिटीकडे, नंतर पेशंटकडे. उलट क्रमाने केलं तर नंतर कमिटी मागच्या तारखेची परवानगी देत नाही आणि देऊही नये. कमिटीत बाहेरचा अध्यक्ष असतो, वकील असतात, एक सामान्य माणूस असतो जो डॉक्टर नाही. मला स्वतःला या सामान्य माणसाचे प्रश्न सगळ्यात आवडतात. डॉक्टर विचारतात सॅम्पल साईज कसा काढला, हे विचारतात त्या बाईला दोनदा रत्नागिरीला बोलावणार, तिची त्या दिवसाची मजुरी कोण देणार. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी देता येते, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं आहे, फक्त आमिष वाटेल एवढे पैसे नकोत.

औषधाची ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी, नंतर नाही.

संमती म्हणजे सहीच ना? त्यात एवढं काय?

सही शेवटी. आधी माहितीपत्रक वाचून दाखवायचं, त्याच्या भाषेत, मग त्यालाच विचारायचं की तुम्हाला काय समजलं ते सांगा बघू. आपल्याकडचा पेशंट डॉक्टरांसमोर नाही म्हणतच नाही. "तुमका बरा वाटता तसा करा" म्हणतो आणि कागद पुढे ओढतो. हा होकार धरायचा नाही. अशा वेळी डॉक्टरांना बाहेर जायला सांगा, हो खरंच सांगा, सिस्टर किंवा सोशल वर्करने बसून निवांत बोलावं, नाही म्हटलं तरी उपचार तेच आणि तेवढेच मिळणार हे दोनदा सांगावं. लिहितावाचता येत नसेल तर अंगठा, पण बरोबर प्रोजेक्टशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. वॉर्डातल्या मामांना ओढून आणून साक्षीदार करू नका, ते पण हॉस्पिटलचेच. कागदाची एक प्रत पेशंटला द्यायचीच.

घरातल्या मोठ्या माणसाला विचारून सांगते असं बाई म्हणाली तर थांबा, विचारू द्या, पण सही तिची. दीर येऊन "मी सांगतंय ना, घ्या रक्त" म्हणाला तर ती संमती नाही. अठराच्या खालचं मूल असेल तर आईबाप सही करतात, पण सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याला समजेल असं विचारायचंच आणि बारानंतर त्याचं लेखी घ्यायचं.

आणि हे लोक विसरतात, आंब्याच्या बागांत आणि बोटींवर कितीतरी नेपाळी माणसं काम करतात. त्यांना थोडी हिंदी येते म्हणून मराठी कागदावर सही घेऊन मोकळं होतात. नेपाळीत भाषांतर करा, वाचणारा माणूस शोधा, आणि बागवाल्या मालकासमोर विचारू नका, मालकाने आणलेला माणूस मालकासमोर नाही कसा म्हणेल.

पेशंट फॉलोअपला येतच नाहीत, काय करायचं?

आधी तुमचं कॅलेंडर फेकून द्या आणि त्यांचं घ्या. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, लिहिलेलं असतं तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात बोलावणे. तो तिसरा महिना लावणीत पडला तर कोणी येणार नाही. मार्च ते मे आंबा-काजू, सकाळी तर नाहीच. मच्छीमारांचं उलटं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा खलाशी, तांडेल घरी सापडतात, नेपाळी खलाशी मात्र त्याच काळात गावाला गेलेले असतात, म्हणजे एकाच बोटीवरच्या माणसांना दोन वेगळ्या तारखा द्याव्या लागतात. नारळी पौर्णिमेनंतर एकदा दर्यात गेले की विसरा.

गणपतीत ओपीडी ओस, पण मुंबैकर सगळे गावात, म्हणून ज्या अभ्यासात मुंबईला गेलेल्या मुलांची माहिती हवी असते तो गणपती आणि शिमग्यातच करायचा, आरती झाल्यावर घरोघर. पाचव्या दिवसापर्यंत उरका, नंतर गाड्या परत सुटतात. मोबाईल नंबर दोन घ्या, एक त्याचा आणि एक शेजाऱ्याचा, आणि वाडीचं नाव लिहा. नुसतं गाव लिहिलं आणि गावात बारा वाड्या निघाल्या की फील्डवर्कर शिव्या घालतो, बरोबरच घालतो.

पावसात लाईट जाते, सॅम्पलचं काय?

उणे ८० डिग्रीचा फ्रीझर असेल तर जनरेटर, आणि जनरेटरचं डिझेल कोण भरतं त्याचं नाव भिंतीवर लिहिलेलं पाहिजे. दार उघडायचं नाही, बंद ठेवलं तर बराच वेळ थंडी टिकते. तापमानाची वही रोज, रविवारीही. एनआयव्हीला पाठवायचं तर तीन थरांचं पॅकिंग, आत २ ते ८ डिग्री, वर फॉर्म वेगळ्या पिशवीत. निघायच्या आधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. दरड कोसळून गाडी घाटात अडकली तर बर्फ संपतो आणि सॅम्पल गेलं. जास्तीचे आइस पॅक टाका, वजन झालं तर झालं.

सुई टोचली तर? खूप भीती वाटते.

हे नीट वाचा, दोनदा वाचा. दाबून रक्त काढायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. वाहत्या पाण्याने साबण लावून धुवायचं. लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगायचं, रात्री तीन वाजले असले तरी. एचआयव्हीचं संरक्षक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासांत उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि सुरू केलं तर २८ दिवस पूर्ण. पेशंटची टेस्ट, तुमची टेस्ट, रजिस्टरला नोंद. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, ०, १, ६ महिन्यांना, कामावर रुजू होतानाच सुरू करा आणि शेवटच्या डोसनंतर महिन्या-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण, बघा, १० च्या वर हवा.

कंत्राटी मुलं सांगत नाहीत, ओरडतील म्हणून. ओरडणाऱ्याला ओरडू दे, नोंद करून घ्याच. आणि सुईला टोपण परत लावू नका, निम्म्या सुया तिथेच टोचतात असं मला वाटतं.

कचऱ्याचे रंग विचारतात इंटरव्ह्यूला: पिवळ्यात रक्ताने भरलेला कापूस-पट्ट्या आणि शरीराचे भाग, लाल पिशवीत नळ्या, सलाईनच्या बाटल्या असं प्लास्टिक, पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही.

गावातलीच माणसं पेशंट म्हणून येतात, ती काही विचारतात तेव्हा काय सांगायचं?

"काय गो, त्या अमक्याच्या सुनेचा रिपोर्ट काय आला?" हा प्रश्न तुम्हाला बाजारात, देवळात, लग्नात येणार म्हणजे येणार. उत्तर एकच, मला माहीत नाही, मी त्या सेक्शनला नसते. खोटं वाटतं पण हेच सोपं पडतं, नियम समजावत बसलात तर लोकांना कळतं की काहीतरी आहे म्हणजे आहेच. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मनाचे आजार यातला एक शब्द बाहेर गेला तर एखाद्या मुलीचं लग्न मोडतं, आपल्याकडे तर दोन वाड्यांत बातमी जायला चहा उकळेपर्यंतचा पण वेळ लागत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. प्रोजेक्टच्या फॉर्मवर नावाऐवजी नंबर, आणि नंबर-नावाची यादी वेगळ्या कुलपात. यादीचा फोटो व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका, सरांनी मागितला तरी.

नात्यातलं कोणी प्रोजेक्टमध्ये आलं तर त्याची संमती दुसऱ्याने घ्यावी.

पेपरमध्ये माझं नाव येईल का?

नियम असा की ज्याने अभ्यासाच्या आखणीत किंवा डेटा गोळा करण्यात, त्याचा अर्थ लावण्यात खरं योगदान दिलं, लिखाणात किंवा तपासण्यात भाग घेतला, शेवटचा मसुदा मान्य केला आणि जबाबदारी घेतली, तो लेखक. चारही हवेत. नुसती रक्तं काढली तर आभारात नाव. पण तुम्हाला लिखाणात घेतलंच नाही आणि मग म्हणाले लिहिलं नाही म्हणून नाव नाही, तर ते बरोबर नाही. म्हणून सुरुवातीलाच विचारा, ईमेलवर विचारा. आणि एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, नाव आपोआप घालायची जी रीत आहे ती चुकीची आहे, एवढं लिहून पुढे जाते, नोकरी करायची आहे मला.

पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून देतो म्हणणारी जर्नलं टाळा.

नोकरी करता करता पीएचडी होईल का?

होते. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना थोडी जास्त सूट आहे. आधी गाईड बघा, मग विषय. गाईड इथला आणि मशीन मुंबईत असं असेल तर महिन्यातून किती वेळा जावं लागेल आणि तिकडे कुठे राहणार ते आधी ठरवा, कोकणकन्येचं तिकीट मिळत नाही हे काही तुम्हाला सांगायला नको.

मुलीला नाईट ड्युटी असते, पाठवू का?

आईबाबांनी विचारलेला प्रश्न. नर्सिंग आणि लॅबला नाईट असतेच. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे, कंत्राटी मुलीलाही आणि शिकणाऱ्या मुलीलाही लागू. समितीतल्या बाईंचं नाव-नंबर बोर्डावर आहे का ते पहिल्या दिवशीच बघा. नसेल तर मागा.

राहायचं कुठे?

रेसिडेंट आणि विद्यार्थ्यांना हॉस्टेल, प्रोजेक्टवाल्यांना बहुतेक नाही. ओरोसला रूम लवकर भरतात, ॲडमिशनच्या आधी जाऊन बघा, नाहीतर कुडाळ-कणकवलीहून ये-जा करतात बरीच जणं. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या बाजूला महाग. रूम घेताना पाणी मेमध्ये असतं का ते विचारा, बाकी सगळं मालक स्वतःच सांगतो.